बाळाच्या जवळ, हजेरीपटापासून लांब

प्रस्तावना

लहान मुलांच्या आरोग्यसेवेतली माणसं एका रांगेत उभी करून पाहिली की एक उलटा हिशोब दिसतो. जन्मानंतर सातव्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन घेणारी आशाताई सरकारदरबारी 'स्वयंसेविका' असते. त्याच बाळाला पुढे अंगणवाडीत खाऊ घालणारी ताई 'मानधनी' असते. बाळ कमी वजनाचं निघालं आणि जिल्ह्याच्या नवजात शिशु कक्षात दाखल झालं, तर वॉर्मरजवळ रात्र काढणारी सिस्टर अनेकदा अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर असते. या तिघींनी भरलेली माहिती ज्या टेबलावर एकत्र होते, त्या टेबलाच्या वर जो अधिकारी सही करतो आणि त्याच्याही वर जे कार्यालय आहे, तिथपर्यंत जसजसं चढत जावं तसतशी नोकरी पक्की होत जाते. अपवाद आहेत, तालुक्याच्या कार्यालयातला डेटा ऑपरेटरही कंत्राटीच असतो. पण एकूण कल चुकत नाही. बाळाच्या जितकं जवळ, तितकं हजेरीपटापासून लांब.

हा हिशोब कसा जमत गेला, त्याविरुद्ध कोण कोण कसं लढलं आणि तालुक्याच्या पातळीवर तो थोडा तरी सरळ करता येईल का, हे या पुस्तकाचे विषय आहेत. आशा, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका, मदतनीस, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका-प्रसाविका), नवजात शिशु कक्षातल्या परिचारिका, शाळांमधून मुलं तपासत फिरणारी पथकं आणि खासगी बालरुग्णालयातल्या आया अशा सगळ्यांचं काम यात आलं आहे. बालआरोग्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. कुपोषणावर तर अहवालही झाले. त्यात हे कर्मचारी येतात ते साधन म्हणून: किती भेटी दिल्या, किती वजनं घेतली, किती नोंदी राहिल्या. काम करणारं माणूस म्हणून त्यांच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न मोर्चाच्या बातमीपुरता उरतो.

पुस्तक बीबीत उभं राहून लिहिलं आहे, हे आधीच सांगतो. बीबी हे लोणार तालुक्यातलं, मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावरचं गाव. इथल्या बाळाचा प्रवास वस्तीवरच्या आशाताईपासून सुरू होतो. तो उपकेंद्र, मग मोठा सरकारी दवाखाना असं करत, जोखीम असेल तर १०८ च्या गाडीतून बुलढाण्याकडे जातो. पैशाची सोय असलेली माणसं जालन्याचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरतात. जवळच सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मगाव. २००५ मध्ये राज्याने कुपोषणाविरुद्ध जे मिशन काढलं, त्याला राजमाता जिजाऊंचं नाव दिलं. २०२४ मध्ये राज्यभरातल्या आशा बेमुदत संपावर गेल्या, ती तारीख १२ जानेवारी, म्हणजे जिजाऊ जयंतीचीच होती. मुंबईतून हा विषय धोरणाचा दिसतो. इथून तो दाव्याच्या अर्जाचा, रात्रीच्या पाळीचा आणि 'ऑर्डर निघाली का' या प्रश्नाचा दिसतो.

नव्या वाचकाने आधी या क्षेत्राचा इतिहास पाहावा, कारण आजची गाठ तिथेच बसली आहे.

मुंबईत १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया रुग्णालय फक्त मुलांसाठी उभं राहिलं, तोवर बालआरोग्य हा बाळंतपणाच्या सेवेचा एक कोपरा होता. खेड्यात तर सुईण हीच सगळी सेवा, आणि तिचा मोबदला म्हणजे धान्य, लुगडं, ज्याची जशी ऐपत. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, एएनएम आली आणि पहिल्यांदाच गावात बाळ पाहणाऱ्या बाईला पगारपत्रक मिळालं. पण एका एएनएमकडे चार-सहा गावं आणि कुटुंब नियोजनाची उद्दिष्टं अशी अवस्था असल्यामुळे घरोघरी जाणारं माणूस आणखी कुणी हवं होतं.

ते माणूस कसं असावं, याचे महत्त्वाचे प्रयोग महाराष्ट्रातच झाले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविका बहुतेक गरीब, दलित किंवा अशिक्षित बायका होत्या. त्या पगारी नव्हत्या, आणि ते जाणूनबुजून. सेविकेने खात्याला नव्हे तर गावाला बांधील असावं, तिची शेती किंवा धंदा चालू राहावा, असा विचार त्यामागे होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला घरीच तपासणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं हे त्या शिकल्या. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा जगाने त्याची दखल घेतली.

सरकारने या प्रयोगांमधून घेतलं काय, हा खरा मुद्दा आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सेविका 'मानसेवी' ठरली. १९७७ च्या योजनेत गावच्या आरोग्यरक्षकाला महिन्याला ५० रुपये होते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा आली. २०११ पासून गडचिरोलीच्या धर्तीवर बाळाच्या गृहभेटी तिच्याकडे आल्या. जामखेडची सेविका बिनपगारी होती, पण तिच्यावर उद्दिष्ट, रजिस्टर, आढावा बैठक आणि कारणे दाखवा नोटीसही नव्हती. गडचिरोलीच्या आरोग्यदूताला काटेकोर प्रशिक्षण आणि सतत पाठीशी उभी राहणारी देखरेख होती. सरकारी योजनेने स्वयंसेवेतला बिनपगारीपणा ठेवला आणि नोकरीतली शिस्त त्यावर चढवली. मोकळीक आणि हक्क या दोन्ही गोष्टी मधल्या मधे गळाल्या. आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या जोडकामात आहे.

ते किती खोल गेलं आहे, हे मोबदल्याच्या एका दाव्यावरून समजतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. झोळीच्या काट्यावर वजन घ्यायचं, थर्मामीटरने ताप पाहायचा, श्वास मोजायचे, नाळ पाहायची, आईला दूध नीट येतं का विचारायचं. सहा भेटींचे मिळून २५० रुपये, म्हणजे भेटीमागे साधारण ४२ रुपये. केंद्राच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत ही रक्कम देण्याच्या अटी आहेत: जन्मवजन कार्डावर नोंदलेलं हवं, पहिल्या लसी झालेल्या हव्यात, जन्मनोंदणी हवी, आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप हवेत. शेवटची अट थांबून वाचावी. जे बाळ जगण्याची शक्यता कमी, त्याच्याकडेच जास्त वेळा जावं लागतं. पाचव्या भेटीनंतर ते गेलं, तर त्या पाच भेटींचं काय? अट लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेल. निकालाला पैसे जोडले की काम चांगलं होतं, असा हिशोब असेल. पण तो हिशोब डॉक्टरच्या पगाराला कुणी लावत नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या चार मुख्य परंपरा आहेत, आणि नवख्या वाचकाला त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या तर पुढचं वाचन सोपं जाईल.

पहिली संघटनेची. अंगणवाडी आणि आशा कर्मचाऱ्यांच्या युनियन नसत्या तर मानधनाचा आकडा हललाच नसता. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांमधल्या या बायकांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ती आजही मोर्चाच्या निवेदनात पहिल्या ओळीत असते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पन्नास दिवसांहून अधिक चालला. आशांनी आधी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संप केला, आझाद मैदानात मुक्काम ठोकला, तेव्हा मार्चमध्ये त्यांच्या मोबदल्यात राज्याकडून ५,००० रुपयांची वाढ झाली. गटप्रवर्तकांना मात्र १,००० रुपयांवर समाधान मानावं लागलं. या परंपरेची ताकद संख्येत आहे. मर्यादाही तिथेच आहे: आकडा वाढतो, दर्जा तसाच राहतो. शिवाय एका दवाखान्यात चारच कंत्राटी सिस्टर असतील तर त्यांचा मोर्चा निघत नाही.

दुसरी परंपरा न्यायालयाची. इथे पावलं पुढे-मागे पडलेली दिसतात. कर्नाटकच्या अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकेचं पद हे शासकीय पद नव्हे असं म्हटलं. २०२२ मध्ये गुजरातच्या मणिबेन भारिया प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. २०१६ च्या जगजित सिंग निकालाने हंगामी कर्मचाऱ्यालाही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लावलं, आणि डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालाने वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवण्याच्या सरकारी सवयीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. खासगी रुग्णालयातल्या परिचारिकांबाबत २०१६ मध्ये न्यायालयाच्या सूचनेवरून समिती नेमली गेली. तिने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याला किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही बालरुग्णालयात ही शिफारस किती पाळली जाते, हे तिथल्या सिस्टरला खासगीत विचारून पाहावं.

तिसरी परंपरा रुग्णसुरक्षेच्या अभ्यासातून आली, आणि मराठीत तिची चर्चा सगळ्यात कमी आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मांडलं की रुग्णालयातला अपघात क्वचितच एका माणसाच्या चुकीने होतो. अनेक लहान त्रुटी एका रेषेत आल्या की तो होतो. म्हणून चूक झाल्यावर पहिला प्रश्न 'कुणी केली' हा नसून 'ती होऊ शकली कशी' हा असावा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१५ पासून आणखी एक पाऊल टाकलं. गोऱ्या आणि इतर वंशांच्या कर्मचाऱ्यांपैकी शिस्तभंगाच्या कारवाईत कोण किती सापडतं, याची आकडेवारी प्रत्येक संस्थेला मोजावी आणि जाहीर करावी लागते. अन्याय मोजला की निदान तो नाकारता येत नाही.

आपल्याकडे हे का हवं, ते भंडाऱ्याने दाखवलं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागली. १० बाळं गेली, ७ बाळांना बाहेर काढता आलं. कारवाई झाली तेव्हा कायम सेवेतल्यांचं निलंबन झालं आणि कंत्राटींची सेवा समाप्त झाली. पुढे परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. कोण किती दोषी हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं. त्यात हे पुस्तक पडत नाही. मुद्दा प्रक्रियेचा आहे. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, आरोपपत्र मिळतं, विभागीय चौकशीत बाजू मांडता येते, निर्दोष ठरलं तर खुर्ची परत मिळते. सेवा समाप्त झालेल्याला यातलं काही सहज मिळत नाही. एकच कक्ष, एकच रात्र, आणि न्यायाचे दोन दरवाजे. कुणी कुठल्या दरवाजाने जायचं ते नेमणुकीच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं. वायरिंग, धुराची सूचना देणारी यंत्रणा, फायर ऑडिट, रात्री किती बाळांमागे किती सिस्टर, हे प्रश्न माणसांवरच्या कारवाईपेक्षा हळू चालले.

चौथी परंपरा सामाजिक न्यायाची आणि स्त्रीवादी विचाराची. मुलांना सांभाळणं हे बाईच्या अंगभूत मायेचं काम, मग त्याला पगार कसला, ही समजूत मानधनाच्या मुळाशी आहे. त्यात जात मिसळते. कुठल्या घरात आशाला ओसरीपर्यंतच येऊ देतात, कुणाच्या हातचं मुलांनी खाऊ नये म्हणून पालक कुरबुर करतात, हे अंगणवाडीच्या मदतनिसाला पाठ असतं. मोठ्या शहरातही ते सुटत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला आणि जातीय छळाचे आरोप पुढे आले. त्यांच्या आईने, अशाच आरोपांनंतर विद्यापीठात जीव गमावलेल्या रोहित वेमुलाच्या आईसोबत, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही घरोघरी फिरणाऱ्या एका बाईपासूनच सुरू झाला. राजस्थानात भंवरीदेवी ही साथिन, म्हणजे सरकारी कार्यक्रमातली गावकार्यकर्ती, बालविवाह रोखायला गेली आणि १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आणि पुढे २०१३ चा कायदा आला. त्या कायद्यात दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. आशाचं कामाचं ठिकाण म्हणजे अख्खं गाव. रात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात आल्यावर ती बाकावर झोपते. त्या समितीचा पत्ता तिला कुणी सांगितला आहे का?

या चार परंपरांचं आपसात फारसं जमत नाही. युनियनला 'व्यवस्थेची चूक' ही भाषा व्यवस्थापनाची पळवाट वाटते. रुग्णसुरक्षेचे अभ्यासक जातीबद्दल गप्प असतात. न्यायालय एका याचिकेपुरतं बोलतं. पुस्तकातले लेख चारही ठिकाणांहून आलेले आहेत, आणि ते एकमेकांशी वाद घालतात. संपादन करताना तो वाद मिटवलेला नाही.

आताच हे पुस्तक का, तर तीन कारणं आहेत. एक, काम अवघड झालं आहे. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, दीड किलोची बाळं जगू लागली. ही मोठी कमाई आहे, पण प्रत्येक लहान बाळामागे आठवडेच्या आठवडे कुशल हात लागतात. ऑर्डरच्या भीतीने दर वर्षी सिस्टर बदलत राहिली तर ते कौशल्य कक्षात साठत नाही. दोन, मोबाईल आला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, कारण ते तापत, बंद पडत आणि नोंदीचं अ‍ॅप, पोषण ट्रॅकर, इंग्रजीत होतं. तक्रार यंत्राची दिसली तरी प्रश्न वेगळा होता: नोंद न झालेलं काम झालंच नाही असं मानलं जाणार असेल, तर नोंदीचं साधन बिघडल्याचा भुर्दंड कुणी भरायचा? तीन, सरकारची भाषा आणि वागणूक यांतलं अंतर आता झाकता येत नाही. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमध्ये संपाला बंदी घालणारा कायदा, लावला गेला आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर स्थगित झाला. संप करू नये इतकी सेवा अत्यावश्यक, पण कर्मचारी म्हणावं इतकी नव्हे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. देशभर कौतुक झालं आणि त्या स्वयंसेविकाच राहिल्या. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने आरोग्य अभियानात दहा वर्षं काढलेल्यांच्या समायोजनाचं दार किलकिलं केलं, तरी ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा संप करावा लागला.

वाडिया रुग्णालयाचा उल्लेख आणखी एकदा करतो, कारण तिथला धडा खेड्यालाही लागू आहे. जानेवारी २०२० मध्ये अनुदानाच्या वादात मुलांचं हे रुग्णालय बंद पडायच्या बेताला आलं. कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निधी सुटला. कर्मचाऱ्यांचा पगार आणि मुलांचे उपचार एकाच तिजोरीत अडकले होते, आणि ते एकत्रच सुटले. कर्मचाऱ्याचा हक्क आणि बाळाचं हित यांना समोरासमोर उभं करणारी मांडणी ('संपामुळे लसीकरण रखडलं') अर्धीच गोष्ट सांगते. संप झाला की बाळाचं नुकसान होतं हे खरं आहे, ते लपवू नये. पण महिनोन्महिने मोबदला थकला, रात्रपाळीला एकच सिस्टर राहिली, बोललं तर ऑर्डर जाईल या धाकाने बंद पडलेला वॉर्मर कुणी कळवला नाही, तर तेव्हाही नुकसान होतंच. ते बातमीत येत नाही एवढंच.

पुस्तक काय करू पाहतं, ते थोडक्यात सांगतो. मानधन किती असावं, कायम कुणाला करावं, हे मुंबई-दिल्लीत ठरणार. त्यावर इथे मतं आहेत, पण भर त्यावर नाही. भर आहे तो तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, मुख्य सेविकेला, सरपंचाला आणि खासगी डॉक्टरला स्वतःच्या अधिकारात आज करता येतील अशा गोष्टींवर. पाळीपत्रक महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर लावावं आणि रात्रपाळी सगळ्यांत सारखी फिरावी. आशाचा दावा नामंजूर झाला तर कुठली बाब आणि का, हे लेखी मिळावं. स्थानिक समितीचा फोन नंबर उपकेंद्राच्या दारावर रंगवावा. बाळंतिणीसोबत आलेल्या आशाला आतून कडी लागणारी खोली असावी. दुर्घटना घडली तर कंत्राटी कर्मचाऱ्यालाही बाजू मांडू दिल्याशिवाय घरी पाठवू नये. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही. अडतं ते सवयीपाशी, आणि 'बाईंना एवढं काय कळतं' या सुरापाशी.

अनुभवकथन करणाऱ्यांची नावं आणि गावं बदलली आहेत. कुठल्या दवाखान्याकडे बोट दाखवणं हा हेतू नाही. अधिकाऱ्यांची बाजूही त्यात आहे. रिक्त पदांवर दवाखाना चालवणारा वैद्यकीय अधिकारी स्वतःही वरच्या आढावा बैठकीत बोलणी खात असतो, आणि ती बोलणी पायरी-पायरीने खाली उतरतात हे त्याला कळत नाही असं नाही. एक उणीवही नोंदवतो: खासगी दवाखान्यातल्या आया आणि सफाई कामगार यांचे लेख कमी पडले. बोलायला तयार झालेल्या काहींनी नंतर नकार दिला, आणि तो नकार समजण्यासारखा आहे.

हे पुस्तक एकट्याने वाचून कपाटात ठेवण्यासारखं नाही. मासिक सभेत एक-एक प्रकरण मोठ्याने वाचावं, आपापली शेवटची ऑर्डर किंवा दाव्याचा कागद समोर ठेवावा आणि पुस्तकात लिहिलेलं आपल्याला कितपत लागू पडतं ते ताडून पाहावं. जिथे लागू पडत नसेल तिथे पुस्तक चुकलं म्हणावं. जिथे पडत असेल तिथे इतिवृत्तात ठराव लिहून घ्यावा, तारीख टाकावी आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं ते विचारावं.

बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा